सासूबाईंचा बाळयेशू

सासूबाईंच्या देवघरातला बाळयेशू शहरातल्या कारागिराकडून दुरुस्त करून आणण्याचे काम एवारिस्तोवर सोपवले गेले, तेव्हा त्याच्या बायकोने, ऑब्दुलियाने, माहेरी जाण्यापूर्वी एवढेच बजावले होते, "छत्री विसरा, चष्मा विसरा, पण आईचा बाळ जपून आणा. लग्नाला अकरा वर्षं झाली, तुमच्या हाती तिनं विश्वासानं दिलेली ही पहिलीच वस्तू."

मेणबत्त्यांच्या सणाला घरोघरचे बाळयेशू नवे झगे लेवून चर्चमध्ये आशीर्वादाला जातात. त्यामुळे त्या सकाळी रेआल दे सान व्हिसेंतेला निघालेल्या बसमध्ये जवळपास प्रत्येक मांडीवर शालीत गुंडाळलेला एकेक बाळ होता.

"बोट का?" शेजारच्या स्थूल बाईंनी विचारले.

"करंगळी. उजव्या हाताची."

"आमच्याचीही तीच! आशीर्वादाला हात वर धरतात ना लेकरं, मग पहिली तीच जाते."

घाट चढून बस शेवटच्या वळणावर आली आणि खोऱ्यात रेआल दिसू लागले. तीनशे वर्षे ते तिथेच आहे. तरी प्रत्येक खेपेला वाटावे, आत्ताच कोणी हलक्या हाताने मांडून ठेवले आहे. उतरणीवर एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारी गेरूच्या रंगाची घरे, आणि त्यांच्यामधून उठलेला गुलाबी दगडाचा मनोरा, उन्हात आतून पेटल्यासारखा. भूमितीचा शिक्षक असलेला एवारिस्तो जगात कशाशीही वाद घाली. या मनोऱ्याशी मात्र त्याने कधी घातला नव्हता. मनोरा दिसताच छातीवर क्रूस काढायचा, हा त्या रस्त्याचा रिवाज. सर्वांनी मांडीवरचे हात उचलले. चालकानेही उचलला. नेमके त्याच क्षणी रस्त्यात एक गाढव उभे होते.

ब्रेक लागला. माणसे जागच्या जागी राहिली. बाळ मात्र पुढे गेले.

"कुणी पाय हलवू नका!" चालक ओरडला. त्याच्या पायाशी अकरा बाळयेशू एकावर एक पहुडले होते आणि शाली भलतीकडेच. नवल असे, की एकाचेही बोट तुटले नव्हते. कारागिराच्या हाताला तोड नव्हती.

"माझा ओळखणं सोपं आहे," एवारिस्तो म्हणाला. "उजवी करंगळी नवी आहे."

"माझ्याचीही."

"आमच्याचीही. सगळे एकाच दुकानातून आलोय, मास्तर!"

"मग शास्त्रशुद्ध विचार करू. मागच्या बाकावरून आलेला बाळ सर्वांत वर पडणार—"

"हा काय भूमितीचा तास आहे?" म्हणत स्थूल बाईंनी एक बाळ उचलून गालाला लावला. "हा माझा. आईला कळतं." त्याच न्यायाने एकेकाने एकेक उचलला. एवारिस्तोचे प्रमेय सिद्ध होईपर्यंत एकच उरला होता.

सासुरवाडीला सासूबाईंनी, दोन्या सेलेरिनांनी, तीन आठवडे खपून भरतकाम केलेला झगा काढला आणि बाळाला चढवला. बटणे लागेनात. पोटाशी चांगले दोन बोटांचे अंतर राहत होते. एवारिस्तोने स्वतःचेच पोट आत ओढले.

"ऑब्दुलिया, तमाले करपतायत का बघ जा," सासूबाई म्हणाल्या. मुलगी स्वयंपाकघरात जाताच त्यांनी दार लावले.

"वळणावर काय आडवं आलं?"

"गाढव," एवारिस्तो पुटपुटला. "आई, मी खरंच..."

"माझ्या वेळी बकऱ्या होत्या."

एवारिस्तोने आत ओढलेले पोट सोडून दिले.

"माझी सासू अशीच समोर उभी, आणि झगा काही केल्या लागेना. मी ठोकून दिलं, बाळ वाढलंय."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वाढणारच. माझ्याही वेळी वाढलं होतं." दोन्या सेलेरिनांनी टोपलीतली छोटी कात्री काढून जावयाच्या हातात ठेवली. "घ्या, बाजूची शिवण उसवा. आणि पोरीला अवाक्षर नको. बसनं जाईल तेव्हा तिचं तिला कळेल."