भिसेगावचा पावणेनऊचा चंद्र

"येत्या अंगारकीला या घरात चंद्र मिनिटाच्या ठोक्याला दिसेल. नाही दिसला तर नाव बदलेन!"

देवव्रतनं हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या हातात खोका होता, खोक्यात दुर्बीण होती, आणि दुर्बिणीच्या तिकाटण्याचा तिसरा पाय कुठे बसवायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नाव बदलायची भाषा हा माणूस वर्षातून चारदा तरी करतो. प्रत्येक वेळी खरंच बदललं असतं, तर एव्हाना पोस्टमननं भिसेगावात यायचं सोडलं असतं!

"जमलं नाही तर त्यावर टॉवेल वाळत घालता येतील," त्याची बायको उमा म्हणाली.

आता देवव्रत काही वेडा माणूस नाही हो. रसायनीच्या एका कारखान्यात तो प्रयोगशाळेत आहे. वीस वर्षं थेंब मोजून मोजून त्याची अशी खात्री झालीय की जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, फक्त यंत्र हवं. आणि ही दुर्बीण, स्वस्तातली आणि नवशिक्यांसाठीची का असेना, यंत्र होती. ती त्यानं घेतली ती मात्र आईसाठी.

आईची संकष्टी बेचाळीस वर्षांची. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात धरली ती आजतागायत एकही चुकली नाही. ताप असो, बाळंतपण असो, चंद्र बघितल्याशिवाय पाणीसुद्धा जपून! आणि एवढी वर्षं संकष्टीच्या रात्रीचा थाट ठरलेला असायचा. आई आत मोदक वाफेला लावायची. तात्या, म्हणजे देवव्रतचे वडील, परसात जांभळाखाली स्टूल टाकून, कानाला मफलर गुंडाळून बसायचे. मग एकदम त्यांची आरोळी यायची, "चंद्र आला गं!" ती आरोळी पलीकडच्या आळीपर्यंत जायची. देवव्रतचं सगळं लहानपण त्या आरोळीकडे कान लावून गेलं, कारण आरोळीच्या मागोमाग मोदक असायचे. अजूनही उकडीचा वास आला की तो आपसूक परसाकडे बघतो.

दीड वर्षापूर्वी तात्या गेले. स्टूल अजून तिथेच आहे.

तेव्हापासून आई चंद्रासाठी एकटीच मागच्या पायरीवर बसते. कॅलेंडरात आमच्या कर्जतची वेळ नसतेच! मुंबईची असते, पुण्याची असते, कर्जतकरांनी मधलं काय ते समजून घ्यायचं. बरं, समजून घेतलं तरी पूर्वेला ढाककडचा डोंगर आडवा. कॅलेंडरातला चंद्र कधीच उगवलेला असतो, आमचा बापडा अर्धा तास डोंगर चढत बसतो. त्यात आईला आता साखरेचा त्रास. मागच्या संकष्टीला चंद्र डोंगरावर यायच्या आत ती पायरीवरच चक्कर येऊन कलंडली. डॉक्टरांनी सांगितलं, उपास सोडा. आई म्हणाली, डॉक्टर बदला.

देवव्रत त्या रात्री झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुर्बीण मागवली.

पहिल्या संध्याकाळी दुर्बिणीतून शेजारच्या आबाजींची म्हैस दिसली. चारी पाय आभाळाकडे करून रवंथ करत होती! देवव्रत घाबरला. मग पुस्तिकेत वाचलं की या दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं, आणि आकाशात उलटंसुलटं काही नसल्यामुळे काळजीचं कारण नाही. म्हशीबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र गंमत झाली. नळी अशीच फिरवता फिरवता तिच्यात कृत्तिका सापडल्या. लहानपणी तात्यांनी याच परसात, याच स्टुलावर मांडीवर बसवून त्या बोटानं दाखवल्या होत्या. "मोज. किती?" "सहा." "शाबास! डोळे चांगले आहेत तुझे." दुर्बिणीतून त्यानं मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे त्याचं मोजणं चुकलं. मोजण्यात वीस वर्षं काढलेला माणूस, पण चुकला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. "तात्या, अहो सहा नाहीत, केवढ्या तरी आहेत!" असं तो चक्क मोठ्यानं म्हणाला. मग आजूबाजूला कुणी ऐकलं नाही ना, ते बघून घेतलं.

ऐकलं होतं. कुंपणापलीकडे आबाजींची बायको, सुंदराकाकू, म्हशीला पेंढा टाकत होती.

"देवा, काय केवढ्या हायत रं?"

देवव्रतनं सगळं सांगितलं. दुर्बीण, अंगारकी, मिनिटाचा ठोका. झालं! सुंदराकाकूला सांगणं म्हणजे रिक्षावर भोंगा लावून फिरवणं. अंगारकीच्या रात्री परसात आळीतल्या अकरा बायका ताम्हन, तांब्या, निरांजन घेऊन हजर. आबाजी तर डोक्यावर टोपी घालून, देवळात उभं राहावं तसे दुर्बिणीपुढे हात जोडून उभे!

"आबाजी, मागून बघायचं असतं," देवव्रत म्हणाला.

"आमी आपलं म्होरूनच पाया पडतो. तुमी बघा."

कॅलेंडरात मुंबईची वेळ आठ अठ्ठेचाळीस, पुण्याची आठ चव्वेचाळीस. देवव्रतनं मधली काढली, आठ सेहेचाळीस. आठ पंचेचाळीसला त्यानं स्टूल ओढलं, मफलर गुंडाळला आणि डोळा लावला.

"अहो, पण मधे डोंगर आहे ना?" उमानं विचारलं. "दुर्बीण काय डोंगराच्या आरपार बघते?"

"प्रकाश वाकतो, उमा. हवेतून येताना वाकतो. साध्या डोळ्याला कळत नाही, त्यासाठी यंत्र लागतं."

एवढ्या ठामपणे सांगितल्यावर कोण बोलणार! डोंगराच्या अंगावर चारदोन दिवे लुकलुकत होते, जांभळाच्या फांद्या मधेमधे येत होत्या. देवव्रतनं नळी इंचभर वर केली, इंचभर डावीकडे नेली, आणि तिथेच धरली. पांढराशुभ्र, गोल, परातीएवढा उजेड! घड्याळात आठ सेहेचाळीस. तो ताडकन उठला आणि त्याच्या गळ्यातून जी आरोळी निघाली ती कुठून आली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"चंद्र आला गं!"

आई पायरीवरून उठली ती पदरानं डोळे टिपतच. दीड वर्षानं ती आरोळी त्या परसात झाली होती.

आईनं दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग देवव्रतकडे बघितलं, त्याच्या मफलरकडे बघितलं.

"हं. आला," ती म्हणाली. "चला, मोदक थंड होतील."

मग रांग लागली. एकेकीनं बघायचं, अर्घ्य द्यायचं, हात जोडायचे.

"देवा, चवथीचा चांद जरा कापलेला असतो नं? ह्यो तर पुनवेचा दिसतो," सुंदराकाकू म्हणाली.

"साध्या डोळ्याला कापलेला दिसतो, काकू. यंत्रातून पूर्ण!"

आरती झाली. मोदक फिरले. आईनं एक मोदक खाल्ला, गोळी घेतली, दुसरा खाल्ला, आणि देवव्रतला वाटलं, आपल्या आयुष्यात आपण एक तरी गोष्ट तात्यांसारखी केली. छाती अशी फुगली होती की मफलर सैल करावा लागला. आई हात धुवायला आत गेली.

उमा तेवढी बघायची राहिली होती. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "हे एवढं धुरकट का? आणि हे चाक कशाला दिलंय?"

"त्याला हात लावू नकोस!"

लावला. उमा गेली कित्येक वर्षं शिवणाच्या मशीनची सुई एका फटक्यात ओवते, तिला एक चाक काय कठीण! परातीएवढा चंद्र आकसत आकसत ताटलीएवढा झाला, मग वाटीएवढा, मग लिंबाएवढा.

"अहो," उमा हळूच म्हणाली, "चंद्राला खांब आहे."

"काय?"

"खांब. लोखंडी. आणि खांबाशी एक माणूस उलटा लटकून चहा पितोय."

"बघू, बघू!" सुंदराकाकूनं तिला बाजूला सारलं. डोळा लावला, आणि किंचाळलीच. "आगं बया! ह्यो तर आमचा नवशा!"

"काकू, चार लाख किलोमीटरवर नवशा कसा असेल?"

"माझा भाचा मी वळखणार नाय? ही लाल कानटोपी मीच दिली त्याला दिवाळीत! तो डोंगराच्या उतारावर नवीन बंगले बांधतात नं, तितं रातचा वाचमन हाय."

देवव्रतनं एवढ्यावरही हार मानली नाही. लाल रंग हवेमुळे दिसू शकतो, असं काहीतरी तो म्हणाला. पण काकूनं फोन लावलासुद्धा होता, स्पीकरवर.

"नवशा, हात वर कर."

"आत्या? का गं?"

"कर सांगते तर!"

"केला," दुर्बिणीला डोळा लावून उमा म्हणाली. "म्हणजे इथं खाली केला."

"आता तो मोठा दिवा बंद कर."

"मालक वरडल."

"मी तुझ्या मालकाच्या वरची हाय. कर!"

आणि भिसेगावच्या अकरा बायकांसमक्ष, आठ सेहेचाळीसला उगवलेला चंद्र नऊ वाजून चार मिनिटांनी खटकन विझला.

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

"अंगारकी होती रं देवा! अंगारकी! हॅलोजनवर सोडायला लावलीस!"

आबाजींनी तेवढं दुर्बिणीपुढे जोडलेले हात हळूच सोडले आणि टोपी काढून खिशात घातली.

देवव्रतला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता. बेचाळीस वर्षं! तापात न मोडलेला उपास, बाळंतपणात न मोडलेला उपास, तो पोटच्या पोरानं दिव्यावर मोडला. तो आत गेला. आई मोरीपाशी हात पुसत होती. त्यानं मान खाली घातली आणि सांगून टाकलं.

"आई, तो चंद्र नव्हता. दिवा होता. तुझा उपास मी मोडला."

आईचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून देवव्रत पुढे झाला. बघतो तर ती हसत होती! टॉवेल तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अगदी तात्यांवर गेलास रे, देवू! अगदी तात्यांवर!"

"म्हणजे?"

"अरे, बेचाळीस वर्षं मी चंद्र बघते. चवथीचा चंद्र असा परातीसारखा असतो, एवढं मला कळत नाही?"

"मग खाल्लंस कशाला?"

आई पाटावर बसली. "माझी पहिली संकष्टी. सासूबाई समोर, आणि मला भूक लागून डोळ्यांपुढे अंधारी. डोंगरावर चंद्राचा पत्ता नाही. तेवढ्यात तुझे तात्या परसातून ओरडले, चंद्र आला गं! रेल्वेतला माणूस, घाटातून उतरणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाठ. गाडी बोगद्यातून बाहेर आली की इंजिनाचा दिवा डोंगरावर असा झळकायचा. सासूबाईंना लांबचं दिसायचं नाही. त्यांनी तिकडे हात जोडले आणि मला म्हणाल्या, जेव."

"तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री. चंद्र कधी शिट्टी वाजवतो का रे?"

देवव्रत खालीच बसला.

"पुढे सासूबाई गेल्या तरी तुझ्या तात्यांनी ते सोडलं नाही. मला भूक लागली की घाटात चंद्र यायचाच. त्यांना वाटायचं, मला माहीत नाही. मीही कधी बोलले नाही. एवढ्या प्रेमानं कुणी हाक मारली तर नाही कसं म्हणायचं?" आईनं हातातल्या टॉवेलची घडी घातली. "आणि खरा चंद्र वर आला की मी खरकटी भांडी घेऊन मागे जायचे, हात जोडायचे, म्हणायचे, देवा, माणूस भाबडा आहे, समजून घे. त्यानं चाळीस वर्षं समजून घेतलं. आजही घेईल. चल, ताम्हन आण."

दोघं बाहेर आली तेव्हा परसात भांडण रंगात होतं. पण सगळ्यांच्या पाठीमागे डोंगराची कड उजळली होती. मग एका बाजूनं जरासा कापलेला, पिवळट, आपला नेहमीचा चंद्र सावकाश वर आला. आईनं अर्घ्य दिलं, मग सुंदराकाकूनं, मग सगळ्यांनी. देवव्रत तेवढा स्टुलावर वाकून नळी इकडेतिकडे फिरवत होता. अकरा बायकांना साध्या डोळ्यांनी दिसलेला चंद्र त्याला दुर्बिणीत शेवटपर्यंत काही सापडला नाही!

नाव त्यानं बदललं नाही. तशी गरजही पडली नाही, आळीनं परस्परच 'हॅलोजन' ठेवलं.

दुर्बीण अजून आहे. रोज रात्री तो कृत्तिका बघतो, परवा गुरूचे चंद्रसुद्धा त्याला सापडले, आणि चाक कशासाठी असतं ते आता तो इतरांना शिकवतो. परवाच्या संकष्टीला मात्र ढग होते. आठ वाजले तशी आईची चुळबुळ सुरू झाली. आतून हाक आली, "देवू, आज भूक लागलीय रे. बघ जरा तुझ्या त्या यंत्रातून."

देवव्रत परसात गेला. दुर्बिणीवर उमाचे दोन टॉवेल वाळत होते. ते त्यानं काढलेसुद्धा नाहीत. स्टुलावर बसला, मफलर कानाला गुंडाळला, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "चंद्र आला गं!"

आतून झाकण उघडल्याचा आवाज आला, उकडीचा वास आला, आणि पाठोपाठ आईचा आवाज.

"आला का? मग शिट्टी कशी नाही वाजली रे?"