मोरपंखी आणि दोन डबे

राजापेठेत कुणाचं लग्न झालं, की माणसं अभिनंदन करतात. आमचे शेजारी रहीमचाचा विचारतात, "फोटो कोन्त्या डब्यात हायेत?"

चाचांचा फोटो स्टुडिओ आमच्या घराला लागूनच. फोटो साठवताना कॅमेरा किंवा कॉम्प्युटर त्यातले रंग ज्या मापात बसवतो, त्याला ते डबा म्हणतात; आणि त्यांच्या मते जगात असे रंगांचे डबे दोनच. मोठ्यात रंग जास्त मावतात, म्हणून फोटोवर काम करायचं ते त्यात. लहान डबा जरा कंजूष, पण सगळ्या मोबाइलना कळतो. म्हणून पाठवायचं ते त्यात. मोठ्यातलं तसंच पाठवलं, की रंग मरगळतात. हे त्यांनी मला दुधाच्या रांगेत, गणपतीच्या मांडवात आणि एकदा दाढदुखीनं माझा गाल सुजलेला असतानाही समजावलंय. सेमाडोहचं जंगल फिरून आलेल्या पाहुण्यानं हौसेनं वाघाचा फोटो दाखवला, तर वाघ राहिला बाजूला, चाचा म्हणाले, "जंगल काहून बिमार दिसून राहिलं?" डोक्याला ताप नुसता! त्यांना पाहून मी गल्ली बदलायचे.

मग माझ्या लेकीचं, नेहाचं लग्न झालं. माझे बाबा अकोल्याला, मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. पडण्याआधी त्यांनी स्वतः दुकानात बसून नातीसाठी मोरपंखी शालू निवडला होता. "तिले त्यात पाहाचं आहे," एवढंच त्यांचं मागणं.

भाच्यानं नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि थेट बाबांना पाठवले. संध्याकाळी फोन आला.

"शालू बदलला का वं? नसन आवडला तं सांगाचं होतं."

"बाबा, तोच आहे!"

"असा मेलेला रंग मी घेतला व्हता? म्हाताऱ्याले काहून फसवून राहिली?"

आणि फोन ठेवून दिला. मी तशीच चपला अडकवून चाचांकडे पळाले.

"कोन्त्या—"

"मोठ्या!" मी ओरडले. "मोठ्याच डब्यात असतीन. काही तरी करा, चाचा!"

चाचा हसले नाहीत. भाच्याकडून मूळ फोटो मागवले. माझ्याकडून शालूच्या ब्लाउजचा उरलेला तुकडा आणवला, कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरला आणि चष्मा वरखाली करत बसले. "थोडा रंग तं जाईनच लहान डब्यात," म्हणाले, "पन बाबाले वळखू येईन."

आला ओळखू. "हाच वं, हाच," एवढंच बाबा बोलले, आणि मग आम्ही दोघंही फोनवर रडलो.

दुसऱ्या दिवशी मी बुंदीचे लाडू घेऊन गेले. "मोठा डबा आणला, चाचा!" त्यांचं लक्ष नव्हतं. पडद्यावर गेल्या साली वारलेल्या चाची होत्या, दारात उभ्या, फिरोजी ओढणी सावरत. काय गोड हसल्या होत्या बाई!

"हा मले पाठवा ना," मी म्हटलं. "लहान डब्यात."

"नको. हा फिरोजी त्यात मावत नाही." चाचांनी चष्मा पुसला. "अन् लहान डबा लोकायसाठी असते, बेटा. इथं पाहनारा मी एकटाच."

मी स्टूल ओढलं.

"सरका जरा, चाचा. मले पन पाहू द्या."