याने गोळा जाईल काय?

हिरामावशी भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, दंड दाबतात. पापलेट ताजं आहे का ते बाजारात अंगठ्याने दाबून बघतात ना, तसा तुमचा दंड धरायचा, अंगठा रुतवायचा आणि तोंड वाकडं करायचं. आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये यातून कोणी सुटलेलं नाही. पोस्टमन तर हल्ली पाकीट खालीच ठेवून जातो. माझा दंड पहिल्यांदा दाबला तेव्हा म्हणाल्या, "बाय, तुज्या हातात नुसतं पानी हाय."

त्यांच्या स्वतःच्या दंडात पाणी नाही. सत्तरीला टेकलेली ही इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरची बाई जन्मभर डोक्यावर मच्छीची टोपली घेऊन हिंडली आणि आता ज्येष्ठांच्या स्पर्धांत गोळा फेकते. साडीचा काष्टा मारायचा आणि पायात मुलाचे जुने बूट चढवायचे. मुलगा दुबईला असतो, त्याच्या फ्लॅटमध्ये मावशी एकट्याच राहतात. माझं दार त्यांच्या दाराला लागून, मीही एकटीच. मी त्यांच्याहून कितीतरी लहान, तरी गॅसचं सिलिंडर आलं की त्यांनाच हाक मारते. हेवा वाटतो का? वाटतो. लपवून काय करू?

जगातल्या प्रत्येक पदार्थाला मावशींचा एकच प्रश्न. "याने गोळा जाईल काय?" उकडलेल्या अंड्याने जातो. सुक्या जवळ्याने लांब जातो. वालाच्या उसळीने बरा जातो. चहा-बिस्किटाने पायावर पडतो. सरावाला त्या तराजूचं जुनं लोखंडी माप वापरतात. एकदा ते सोसायटीच्या पाण्याच्या पाइपवर पडलं आणि वरचे सगळे मजले कोरडे झाले. सेक्रेटरी तावातावाने भांडायला आले. मावशींनी शांतपणे त्यांचा दंड दाबला आणि रोज सकाळी अंडी खायला सांगितली. तो गृहस्थ भांडण विसरून, बलक खाऊ की टाकू, हे विचारत बसला.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग आई पडली.

आई गावी, माहीमला राहायची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पण या वयात अंथरुणात पडून अंगातलं मांस भराभर झडतं. अंडी, मासे, डाळी, दूध पोटात गेलं नाही, तर या पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत." आणि आईने नेमकं तेव्हाच जेवणातून मन काढून घेतलं. मी खिचडी केली, पेज केली, सूप केलं. दोन चमचे घेऊन ती ओठ मिटून घ्यायची. मला फार भीती वाटायला लागली.

एका दुपारी हिरामावशी आल्या. माझ्या खिचडीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "म्हातारपनी जेवन कमी नाय करायचं, बाय. अशाने गोळा सोड, चमचा पन उचलनार नाय ती." पदराखालून वाडगा काढला, पलंगावर मांडी घातली आणि दोघी एकाच ताटात जेवायला लागल्या. तांदळाची भाकरी, जवळा, अंडं. आईने खाल्लं. वर बोटंही चाटली. मी दारात उभी राहून बघत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट.

मग ते रोजचंच झालं. दुपार झाली की आईचे डोळे दाराकडे लागायचे. मी बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या मुलांना अपूर्णांक समजावत असायचे आणि आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मीही जवळा करून बघितला. आई म्हणाली, खारट झाला. मग मी एक डाव टाकला. मावशींना पटवून त्यांच्या वाडग्यात मी केलेलं अंड्याचं कालवण घातलं. आईने मिटक्या मारत ते संपवलं आणि मला म्हणाली, "हिरीच्या हाताला चव हाय. शैले, शिकून घे तिच्याकडून." मी जिंकले होते आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

मावशी स्पर्धेसाठी पुण्याला गेल्या, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. आता आई माझी. मांदेली तळली, वालाची उसळ केली, भाकरी अगदी मावशींसारखी पातळ थापली. आईने ताट बाजूला सारलं.

माझा तोल सुटला. "परकी बाई भरवते ते चालतं. मी पोटची मुलगी ना तुझी?"

आई म्हणाली, "मला कुठे भूक लागते गं? मी नाय जेवले, तर हिरी जेवत नाय."

"मावशी? त्या तर सगळ्या जगाला जेवायला शिकवतात."

"जगाला शिकवते. आपन ओट्यापाशी उभी राहून चहात पाव बुडवते. नवरा गेल्यापासून एकटीला घास उतरत नाय तिला, एकदा बोलून गेली. मी एक घास घेतला की ती एक घेते. तिला वाटतं, ती मला भरवते. वाटू दे."

मावशी परत आल्या. गोळा जवळच पडला होता आणि दोष पुण्याच्या हवेचा होता. संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले आणि सरळ चेहऱ्याने थाप मारली. "मावशी, आई रात्रीची अजिबात जेवत नाही. तुम्ही येऊन बसाल का?"

"नाय जेवत? मंग गोळा कसा जाईल?" म्हणत त्या चप्पल न घालताच आल्या.

मी ताट वाढलं आणि नेहमीसारखी दाराशी उभी राहिले. आईने घास घेतला. मावशींनी घेतला. मला ते बघून पुन्हा तोच जळफळाट झाला. मावशींनी मान वर करून विचारलं, "तू कवा जेवतेस, बाय?"

"जेवेन नंतर."

"कोनाबरोबर?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. पलंग तो केवढा, दोघींनीच भरलेला. ऑपरेशन झाल्यापासून साधी कूस बदलायलासुद्धा तिला मी लागायचे. "जागा करते," ती म्हणाली आणि दोन्ही तळवे गादीवर रोवले. मी सावरायला धावले. पण मी पोचेपर्यंत ती आपली आपण भिंतीपाशी सरकून बसली होती.