घरतकाकांची बरणी

घरतकाकांच्या घरात शिरताना एक वेळ चपला नाही काढल्या तरी चालतं, लोखंड मात्र काढावंच लागतं. बेल वाजवली की आतून हाळी येते, "लोखंड भायेर!" मग किल्ल्या, छत्री, पट्टा, सगळं दाराबाहेरच्या फळीवर ठेवायचं आणि मोकळ्या खिशानं आत जायचं. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी पान्यांसकट जिन्यात उभा केला होता.

करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका तळमजल्यावर एकटेच राहतात. न्हावाशेवा बंदरात क्रेनची वायरिंग सांभाळण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात. काकांनी लोणच्याची काचेची बरणी धुतली, आत दोऱ्याला चुंबक टांगला आणि चुंबकाला टिकलीएवढा आरसा चिकटवला. आरशावर बॅटरीचा झोत पडतो आणि त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर उमटतो. चुंबक केसभर हलला की ठिपका बोटभर सरकतो. या चुंबकापायी घरातलं लोखंडी कपाट गेलं, बिडाचा तवासुद्धा गेला.

"पण हा हलतो कशानं?" असं मी एकदा विचारलं आणि तासभर अडकलो. पण काय सांगतात हो काका!

"सूर्यावरना विजेचा वारा सुटतो, बाला. आपली पृथ्वी म्हंजे मोठा चुंबक. तिच्यामुलं त्याचा जोर उत्तरेला जाऊन निघतो. तिथं शंभर किलोमीटर वर हवा फुटलेली असते, प्लाझ्मा बोलतात तिला. ती जात्यासारखी गरगरते, आनि लाखो अँपियर वाहतात. वायर नाय, खांब नाय, फ्यूज नाय! आभाल हिरवंगार होतं. वादल मोठं असलं तर माझ्या बरनीला इथं कलतं."

आयुष्यभर फ्यूज बदललेल्या माणसाच्या तोंडून ते "फ्यूज नाय" ऐकताना मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

ते हिरवं आभाळ जिथं दिसतं, त्या नॉर्वेच्या उत्तर टोकाला काकांची मुलगी सुलभा नोकरी करते. ठिपका हलला की काका तिला फोन लावतात, "सुलू, भायेर जा, आभाल बघ!" एरवी फोन नाही. "कामाशिवाय फोन करायचा नाय," हा त्यांचा क्रेनवरचा नियम. काकी होत्या तेव्हा गप्पा त्या मारायच्या. काका मागून "बरा हाय म्हनून सांग" एवढंच ओरडायचे. काकी गेल्या, आणि मागून ओरडणारा तेवढा उरला.

यंदाच्या हिवाळ्यात सूर्य गप्प बसला. दीड महिना ठिपका जागचा हलेना. काका भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचे, जेवण अर्धं टाकायचे.

"अहो, मोबाईलवर दिसतं की सगळं," मी म्हटलं.

"मोबाईल दुनियेला सांगतो. माझा चुंबक मना सांगतो."

असला हट्टी माणूस! "मग उगाच करा की पोरीला फोन."

"आनि बोलू काय?" काका म्हणाले आणि पुन्हा ठिपक्याकडे तोंड करून बसले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सोसायटीची पंपरूम बंद करून मी काकांकडे डोकावलो. सेक्रेटरी मीच, त्यामुळे ही कामं माझ्याच गळ्यात. बरणीशेजारच्या स्टुलावर टेकतो न टेकतो तोच ठिपका चांगला तीन बोटं उडाला.

"हलला! आईशप्पत, हलला!" काकांनी फोन लावला. तिकडे दुपार होती, पण हिवाळ्यात तिथं दुपारीही काळोखच. सुलभा ऑफिसातून बाहेर पळाली. तिचे बूट बर्फात करकरताना स्पीकरवर ऐकू येत होते.

"बाबा, कायच नाय इथं. नुसते तारे हायत."

"नीट बघ."

"बघते हो. तुमी जेवता का नीट?"

झालं! आभाळ राहिलं बाजूला. गप्पा बोंबलाच्या कालवणावर गेल्या, काकींच्या मसाल्यावर गेल्या, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा काका हसले.

फोन संपल्यावर मी उठायला गेलो, तर मांडीला काहीतरी टोचलं. पंपरूमच्या किल्ल्यांचा जुडगा! मी दोन पावलं मागे सरलो, ठिपका गुमान जागेवर. पुढे आलो, पुन्हा तीन बोटं. मेलो!

"काका, माफ करा. लोखंड माझ्या खिशात होतं."

काकांनी ठिपक्याकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं. आता आपली रवानगी जिन्यात, या तयारीनं मी दाराकडे सरकलो. काका पाठमोरे होऊन उगाच बॅटरी पुसत राहिले.

"बाला," ते हळूच म्हणाले, "रविवारी तिला सुट्टी असते. येताना तो जुडगा फलीवर ठेवू नको."