सरलाबाईंचं तिकीट

माणूस थोर होता की नाही, हे तो हयात असेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच टपाल खातं सहसा हयात माणसाचं तिकीट काढत नाही. हे धोरण मला दूरदृष्टीचं वाटतं. जिवंत माणसाचा काय भरवसा; तिकीट छापून झाल्यावर तो काहीतरी बोलून बसायचा.

आमचं भेस्तानचं विमान-तिकीट संग्राहक मंडळ, म्हणजे विमानांची टपाल तिकिटं जमवणारं, याच धोरणाने चालतं. सभासद सध्या सात, सरासरी वय एकाहत्तर, विमानात बसलेले शून्य. १९११ साली अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेलं, त्याच्या पन्नाशीची तिकिटं आमच्याकडे आहेत. (एकाचा कोपरा माझ्या हातून दुमडला. तशी नोंद मी इतिवृत्तात केली आहे.)

२०१९ साली आमच्या गल्लीतल्या सरलाबाई नातीच्या बाळंतपणासाठी विमानाने हैदराबादला गेल्या. आमच्या खानदेशी वस्तीतलं हे पहिलं उड्डाण. ढगांच्या वर त्यांनी कळण्याच्या भाकरीचा डबा उघडला. एकूण भाकऱ्या चार. स्वतः खाल्ली एक, अनोळखी प्रवाशांना वाटल्या तीन. हवाई इतिहासात याआधी असं घडल्याचा पुरावा मला सापडला नाही. (माझं वाचन अपुरं असू शकेल.)

मंडळाने स्वतःचं स्मारक तिकीट छापायचं ठरवलं. टपालाला ते चालणार नव्हतं, पण टपाल तरी कोण पाठवतं? अडचण नियम क्रमांक तीनची होती: हयात व्यक्तीचं चित्र नको. हा नियम मीच लिहिला होता. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, त्यामुळे तो बरोबर असावा.

जवळच्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या खोक्यांची लेबलं छापणाऱ्या गुजराती हेमराजने नमुना करून दिला. सरलाबाईंचा फोटो, मागे विमान, खाली ‘१९४४ – २०’ आणि पुढे रिकामी जागा. तो दर महिन्याला विचारी, “काका, बधुं तैयार छे. फक्त तारीख आपो.”

तारखेच्या चौकशीसाठी आम्ही दर मंगळवारी सरलाबाईंकडे जाऊ लागलो. प्रकृती कशी आहे, झोप लागते का, असं आडून विचारत असू. त्या चहा करत. चार वर्षांत भेटी एकशे नव्वद. या काळात मंडळाचे दोन सभासद वारले, आणि माणसांची ये-जा वाढल्यामुळे सरलाबाईंचा रक्तदाब सुधारला.

गेल्या महिन्यात चहाचा कप घेताना माझ्या वहीतून नमुना खाली पडला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

“फोटू बेस शे,” त्या म्हणाल्या. “पन भाऊ, मी मरावर हाई माले कोन दखाडी?”

आपण गेल्यावर हे आपल्याला कोण दाखवणार, या प्रश्नाची नियमात तरतूद नव्हती. मी तसं सांगितलं.

“नियम कोना?”

“माझाच.”

“मंग पेन दे.”

रिकाम्या जागेत त्यांनी चालू साल भरलं. कागदोपत्री आता काहीच अडत नव्हतं.

रविवारी शोकसभा झाली. त्यांच्याच ओट्यावर, कारण खुर्च्या त्यांच्याकडे जास्त. दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सरलाबाईही उभ्या राहिल्या. अध्यक्ष बळीराम त्यांच्या धाडसावर पंचवीस मिनिटं बोलले. शेजारच्या इंदुबाईंनी सांगितलं, मी मिलमध्ये कामाला जायची तेव्हा माझी तिन्ही पोरं हिनेच सांभाळली.

सरलाबाईंनी पदराने डोळे पुसले. “हाई तू आधी काबर नही सांगं?”

“तू जित्ती व्हती ना तवय,” इंदुबाई म्हणाल्या.

मग तिकिटाचं प्रकाशन झालं, आणि चहा दिवंगतांनीच केला.

पुढच्या तिकिटासाठी मंडळ नावं मागवत आहे. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादं माणूस आलं असेलच. ते हयात असेल तर घाई करू नका. फोटो निवडून ठेवा, चांगली दोन वाक्यं जुळवून ठेवा, तारीख तेवढी मोकळी सोडा. आणि हल्ली दर मंगळवारी कोणी तुमची तब्येत विचारायला येत असेल, तर त्याची वही एकदा उघडून बघा.