हरणाचा डावा पंख

आर्डिस क्लेमे गॅरेजच्या दारात आली आणि तिथंच थबकली. मर्लिन, तिचा नवरा, हरणाच्या मांसाचं शेवटचं पुडकं बांधत होता. पुडकं नेहमीसारखं घट्ट आणि चौकोनी झालं होतं, फक्त त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेलं द्राक्षाचं पान होतं.

"हा कागद कुठून घेतलास?" तिनं विचारलं.

"इस्त्रीच्या टेबलाखालून. स्वयंपाकघरातला संपला होता. तिथं आख्खी गुंडाळी पडलेली."

"त्यावर चित्रं होती, मर्लिन."

"बाहेरच्या बाजूला. मांसाला काही लागलं नाही," मर्लिननं तिला धीर दिला.

आर्डिस पत्र्याच्या स्टुलावर बसली. मांस गोठवायचा हा फ्रीझर पेपर मर्लिनच्या लेखी एकाच कामाचा होता. चर्चच्या गोधडी मंडळातल्या बायकांचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नसे. एका अंगाला साधा, दुसऱ्या अंगाला चकचकीत. साध्या बाजूवर फूल काढायचं, चकचकीत बाजू कापडावर ठेवून इस्त्री फिरवायची, की कागद कापडाला धरून बसतो. मग कडेनं कापायचं, कागद सोलून काढायचा आणि ते कापडी फूल गोधडीवर शिवायचं. कापडावर डागसुद्धा राहत नाही.

ही गोधडी पाद्रीबाबांच्या निरोपाची होती. वसंतात ते निवृत्त व्हायचे होते. मधोमध शांतीचं कबुतर आणि भोवती द्राक्षाचा वेल. सगळी चित्रं अल्विना स्टूर यांनी हातानं काढली होती आणि इस्त्री करून कापायला आर्डिसकडे दिली होती. अल्विनाबाई ऐंशीच्या पुढच्या, मंडळाच्या प्रमुख, आणि त्यांच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आटोपतं घेत. चित्रांची नक्कल काढू का, असं आर्डिसनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नक्कल कशाला? तू काय हरवणार आहेस का?"

"बाकीची पुडकी कुठं आहेत?" आर्डिसनं विचारलं.

"वाटली. सकाळी गावात चक्कर मारली ना. यंदा दोन हरणं मिळाली, आपला फ्रीझर भरला." मर्लिननं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "का गं? कागद महाग आहे का?"

गुरुवारी मंडळ बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आर्डिस घराघरांतून आपलेच कागद परत मागायला निघाली. खरं सांगायची सोय नव्हती. या गावात सकाळी बोललेलं दुपारच्या कॉफीला अल्विनाबाईंच्या कपापर्यंत पोचत असे. म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली की कागदाची एक गुंडाळी खराब निघाली आहे, मी चांगल्या कागदात बांधून देते.

पेट्रोल पंपावरच्या गॉर्डीनं फ्रीझर उघडला आणि पुडकं काढून तिच्यासमोर धरलं. "बरं झालं आलीस. यावर 'डावा पंख' लिहिलंय. हरणाला पंख असतात हे बायकोला पटेना. मी म्हटलं, मर्लिननं मारलंय, काहीही असू शकतं."

"मर्लिनचं अक्षर," आर्डिस म्हणाली. "फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं मांस आहे."

"फरा म्हणजे पंखच की एका अर्थी," गॉर्डी म्हणाला आणि त्यानं पुडकं देऊन टाकलं.

पोस्टातल्या फिलिसनं मात्र पंचाईत केली. "खराब म्हणजे कसा खराब?" तिनं डोळे बारीक केले. "आम्ही काल रात्रीच खाल्लंय त्यातलं." तिच्या नवऱ्यानं लगेच पोटावर हात ठेवला. आर्डिस म्हणाली, तसं काही नाही, नुसता कागद. "नुसत्या कागदासाठी कुणी बर्फातून येतं का?" फिलिस म्हणाली. कागद तिनं कचऱ्यातून काढून दिला, पण आर्डिस गाडीत बसेपर्यंत फिलिसच्या हातात फोन होता.

त्यानंतर ज्या दारात आर्डिस जाई, तिथं पुडकं आधीच पायरीवर ठेवलेलं असे. मर्लिनला संध्याकाळपर्यंत चौघांनी फोन करून हरणाला काय झालं होतं ते विचारलं. "धावत होतं तोवर ठणठणीत होतं," असं तो प्रत्येकाला सांगत राहिला आणि बायकोशी बोलेनासा झाला.

आर्डिसनं कागद पुसले, वाळवले, फाटलेल्या पानांचे तुकडे जुळवले. वेल पूर्ण झाला, दोन्ही पंख मिळाले. कबुतराचं धड आणि डोकं मात्र कुठंच नव्हतं.

"अजून कुणाला दिलंस? आठव," ती म्हणाली.

मर्लिननं बोटांवर घरं मोजली. "अल्विनाबाईंना. सगळ्यांत आधी त्यांनाच. वयाचा मान नको का ठेवायला?"

आर्डिस लिंबाच्या वड्या घेऊन गेली. अल्विनाबाईंच्या स्वयंपाकघरात लोखंडी चूल धगधगत होती आणि वर मांस शिजत होतं. त्यांचा चष्मा त्यांच्या केसांत अडकलेला होता.

"मर्लिनला सांग, मांस उत्तम आहे. लोक काहीबाही बोलतायत, मी लक्ष देत नाही," त्या म्हणाल्या. "पण कागद असला देऊ नये. कुणा पोरानं गिरगटलेला होता."

"काय गिरगटलं होतं?"

"कोण जाणे. बदकासारखं काहीतरी. हल्ली शाळेत चित्रकला शिकवतच नाहीत. मी चुलीत टाकला."

आर्डिसनं वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण अल्विनाबाईंनी एक वडी तोंडात टाकली आणि विचारलं, "माझी चित्रं नीट ठेवली आहेस ना?" आणि आर्डिसच्या तोंडून "हो" निघून गेलं.

घरी येऊन तिनं कबुतर काढायला घेतलं. जन्मात तिनं शेतातल्या कोंबड्यांखेरीज दुसरा पक्षी जवळून पाहिला नव्हता. मान लांब केली की बगळा होई, आखूड केली की बटाटा. शेवटी जे त्यातल्या त्यात पक्ष्यासारखं दिसलं, त्यावर तिनं डोळे मिटून इस्त्री फिरवली.

गुरुवारी अल्विनाबाईंनी पांढऱ्या कापडाचे ते तुकडे कुणाला दिले नाहीत. "कबुतर मी शिवणार," त्या म्हणाल्या. आठवडाभर ते काम त्यांच्या घरी होतं. पुढच्या गुरुवारी त्यांनी गोधडी सगळ्यांसमोर उलगडली. वेल सुरेख होता. मधोमध, अतिशय डौलदार पंख पसरून, एक गुबगुबीत कोंबडी बसली होती.

फिलिस "टाके काय बारीक आहेत," एवढंच म्हणाली. अल्विनाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, गोधडीकडे पाहिलं आणि कॉफी आणायला म्हणून त्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात गेल्या. आर्डिस मागोमाग गेली. अल्विनाबाई ओट्याला टेकून स्वतःचे हात न्याहाळत होत्या.

"चित्र चांगलं होतं गं माझं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिवताना मीच घाण केली. हात गेले आता. मंडळाचं तू बघ यापुढे."

हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ओरडणं आर्डिसनं सोसलं असतं.

"तुमचे हात ठीक आहेत," ती म्हणाली. "कोंबडी मी काढली. तुमचं चित्र नव्हतंच ते."

अल्विनाबाईंनी वर पाहिलं. "मग माझं कुठं आहे?"

"मर्लिननं त्यात मांस बांधलं."

"आणि मांस?"

"तुम्हाला दिलं."

कॉफीचं भांडं गुरगुरत राहिलं. अल्विनाबाईंचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, मग बऱ्याच वेळानं नेहमीचा झाला.

"बदक म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्या दोघींना."

अल्विनाबाईंनी एक उसासा सोडला आणि कपबश्या मांडायला घेतल्या. "पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी बायबलात आहे. प्रभूंनी स्वतः दाखला दिलाय. पाद्रीबाबांना कबुतरापेक्षा तेच शोभेल, आणि आपण पहिल्यापासून तेच ठरवलं होतं. वर जाऊन तसंच सांगायचं."

"पण पिलं कुठं आहेत?"

अल्विनाबाईंनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

"तू काढ," त्या म्हणाल्या. "तुझा हात बसलाय."