हवेच्या पाइपात तेल आलंच कुठून?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यंत्रं मला घाबरतात! गेली बावीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. डोळ्याला भिंग लावून नुसतं आत डोकावलं की यंत्र आपणहून गुन्हा कबूल करतं. त्यामुळे बायकोनं जेव्हा विचारलं, "अहो, बाबांच्या ट्रकला काय झालंय ते बघाल का?" तेव्हा मी हसलोच.

"त्यात काय बघायचं? ट्रक म्हणजे चाकं लावलेलं घड्याळ!"

बायको काही हसली नाही. प्रकरण गंभीर होतं. हा ट्रक सासऱ्यांनी तीस वर्षं चालवलेला. आता गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं आणि मेहुण्यानं ट्रक विकायचं ठरवलं. रविवारी विटांचे एक व्यापारी बघायला येणार होते. पण पंधरा दिवसांपासून ट्रक निळा धूर ओकत होता. मेकॅनिकनं इंजिनात हवा नेणारा पाइप उघडला, तर आत तेल! "पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, इंजिन खोलावं लागेल," तो म्हणाला. मेहुणा म्हणाला, "या म्हाताऱ्या ट्रकवर आता एक पैसा घालायचा नाही. रविवारी सौदा झाला तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला!"

"भंगारात गेला तर बाबा हाय खातील हो," बायको म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे.

मला वाईट वाटलंच. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला त्या तेलानं झपाटलं. हवेच्या वाटेत तेल! ते तिथे शिरलंच कुठून? मला असं कोडं पडलं की घास गोड लागत नाही.

गुरुवारी दुकानाला कुलूप ठोकून मी सासऱ्यांच्या अंगणात हजर! खिशात चिमटा, डोळ्याला भिंग. माझ्या एका गिऱ्हाइकानं छातीठोक सांगितलं होतं, "हवेच्या पाइपात तेल म्हणजे टर्बो, इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गळतोय, डोळे मिटून सांगतो." म्हणून मी टर्बो शोधायला लागलो. दहापासून एकपर्यंत शोधला. वरून, खालून, आडवं पडून. सासरे स्टुलावर बसून शांतपणे चहा पीत होते. शेवटी मेकॅनिक आला.

"साहेब, काय हरवलंय?"

"टर्बो शोधतोय."

"या गाडीला टर्बो नाहीच! तो नव्या गाड्यांना असतो."

"नाही ना? त्याचीच खात्री करत होतो!" मी म्हणालो आणि भिंग पुसायला लागलो.

शुक्रवारी मी इंजिनाच्या उच्छ्वासावर संशय घेतला. इंजिनातली वाफ बाहेर टाकणारी एक नळी असते. रिंगा झिजल्या की त्या नळीतून तेल उडतं आणि हवेच्या वाटेला लागतं, असं मेकॅनिकचं म्हणणं. मी नळी सोडवली आणि तिचं तोंड बायकोच्या काचेच्या बरणीत घातलं. इंजिन तासभर चालू ठेवलं. गल्लीभर निळा धूर! शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे गोळा करता करता ओरडल्या, "अहो, आग लागली का?"

"नाही काकू, प्रयोग चाललाय!"

"मग तो तुमच्या घरी करा ना!"

तासानं बरणी बघितली. कोरडी ठणठणीत! म्हणजे तेल इंजिनातून येतच नव्हतं. पण पाइपात मात्र नवं तेल चमकत होतं. आता बोला! रात्रभर मी कूस बदलत होतो.

शनिवारी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेलाचा रंग! इंजिनातलं तेल काजळासारखं काळं असतं. मी एका बोटावर इंजिनातलं तेल घेतलं, दुसऱ्यावर पाइपातलं. शेजारी शेजारी टिपून बघायला कागद हवा होता. तो नव्हता. मेहुणा होता. ऑफिसला निघालेला, पांढऱ्या शर्टात.

"भाऊजी! काय करताय हे?"

"हलू नकोस! बघ, बघ! हा डाग काळा आणि हा सोनेरी!"

"माझा शर्ट!"

"शर्ट जाऊ दे रे! पाइपातलं तेल कोरं आहे, कोरं!"

मेहुणा शर्ट बदलायला गेला तो माझ्या सात पिढ्यांची आठवण काढतच. मी मात्र पाइपाचा माग काढत मागे मागे गेलो आणि थेट हवा गाळायच्या भांड्यापाशी पोचलो. जुन्या गाड्यांमध्ये या भांड्याच्या तळाशी थोडं तेल ठेवतात. हवा त्यावरून जाते, धूळ तेलाला चिकटते. भांड्यात एक रेघ असते, तेल तिथपर्यंतच. मी भांडं काढलं. तेल रेघेच्या चांगलं दोन बोटं वर! जास्तीचं तेल इंजिन श्वासाबरोबर ओढून घेत होतं. बस्स, एवढंच! रिंगा ठणठणीत, इंजिन ठणठणीत!

जास्तीचं तेल काढलं, पाइप पुसून काढला, इंजिन चालू केलं. थोड्या वेळात धूर गायब! मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. पण तोंडातून ब्र काढला नाही. सांगायचं ते रविवारी, व्यापाऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत!

रविवारी सकाळी ट्रक पुसून ठेवावा म्हणून लवकर गेलो. बघतो तर बॉनेट उघडं, आणि सासरे हातात किटली घेऊन भांड्यात तेल ओततायत!

"मामा!"

किटली हिंदकळली. सासरे वळले. तीस वर्षं घाट उतरलेला माणूस, पण चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"वाटीभरच जास्त घालतो हो," ते पुटपुटले. "इंजिनाला इजा नाही होऊ देत. आधी एकजण बघायला आला होता, तो धूर बघूनच पळाला. म्हटलं, हाही पळेल."

"पण मग ट्रक भंगारात जाईल ना!"

"कसा जाईल? जावयानं हातात घेतलेलं काम काढून भंगारवाल्याला द्यायची कुणाची टाप आहे या घरात?" ते थांबले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, सकाळी उठल्यावर मला दुसरं आहे काय? तासभर याच्यापाशी बसलो की दिवस मार्गी लागतो. गेला तर मी काय करू, सांगा."

मी त्यांच्या हातातली किटली घेतली आणि बाजूला ठेवली.

तेवढ्यात व्यापारी आले, पाठोपाठ मेहुणा आणि बायकोही. मेहुण्यानं इंजिन चालू केलं. भस्सकन निळा ढग! व्यापारी खोकत खोकत मागे सरकले.

"दुखणं सापडलं का?" त्यांनी मला विचारलं.

अहो, सगळं उत्तर जिभेच्या टोकावर होतं! टर्बो, बरणी, काळा डाग, सोनेरी डाग, रेघ! बावीस वर्षांतला माझा सर्वांत मोठा शोध! मी जीभ दाताखाली दाबली.

"नाही," मी म्हणालो. "काही पत्ता लागत नाहीये."

व्यापारी नमस्कार करून निघून गेले. मेहुण्यानं फोन काढला. "मग उद्या भंगारवाला..."

"खबरदार!" मी गरजलो. "माझं काम अर्धवट आहे. मी हात घातलाय, मीच पुरं करणार!"

मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं. ती नवऱ्याचा अपमान थोडीच होऊ देणार! तिनं डोळे वटारले आणि फोन परत खिशात गेला. पण मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही! म्हणे चाकं लावलेलं घड्याळ! बाबांनीच मला बजावलं होतं, ट्रक जावईबापूंनाच दाखव, दुसऱ्या कुणाला नाही. काय बघून म्हणाले, देव जाणे!"

ती पाय आपटत घरात गेली. माझी छाती मात्र फुगली. एवढा विश्वास! मी सासऱ्यांजवळ सरकलो.

"मामा, खरंच तुम्ही माझं नाव सुचवलंत?"

"हो तर," किटली पुसत सासरे म्हणाले. "आमचं गजराचं घड्याळ पाच वर्षं झाली तुमच्या दुकानात पडलंय. म्हटलं, ट्रकला निदान दहा तरी लागतील!"